आईची सकाळ

लहानपणी ती बुटकी आणि गोल होती म्हणून घरात तिला ठमी म्हणायचे. पुढे ती चांगली ताडमाड वाढली, चाळिशी ओलांडली, कानशिलं पांढरी झाली, तरी नाव काही सुटलं नाही. ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचे, मेणात एकेक दात बसवायचा, आणि कवळी तयार झाली की ती घासून गुळगुळीत करायची, हे तिचं काम. एकदा आईने लॅबच्या फोनवर फोन करून "आमची ठमी आहे का?" असं विचारलं आणि त्या दिवसापासून मालकांसकट सगळे तिला ठमीताई म्हणू लागले.

घरात आई आणि ती, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला भाऊ, दादा, बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या शहरात राहायचा आणि दर रविवारी फोनवरून काळजी करायचा.

आईने उमेदीची सगळी वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात घालवली होती. बसून बसून गुडघे धरले, अंग सुटलं आणि मग रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, "रोज सकाळी चालायचं, हातपाय हलवायचे. गोळ्या त्यांचं काम करतील, पण तुमचं काम तुम्हालाच करावं लागेल."

जिना उतरता उतरता आई म्हणाली, "मोठा आला शहाणा. जन्मभर पायांनी मशीन चालवलं, तो काय बसून आराम केला मी?"

ठमीने त्याच संध्याकाळी आईसाठी बूट आणले. पांढरे, मऊ तळव्यांचे. आईने ते घातले, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोलीस दिसतेय मी."

त्यानंतरचे कित्येक महिने ठमीच्या सकाळी आईला उठवण्यात गेल्या. आईकडे सबबींचा तोटा नव्हता. कधी पोटरीत गोळा आलेला असायचा, कधी शिंक यायची, कधी पहाटे वाईट स्वप्न पडलेलं असायचं आणि अशा स्वप्नानंतर घराबाहेर पडायचं नसतं म्हणे.

"आज हवा बरी नाहीये," आई पांघरुणातून म्हणायची.

"हवेला काय झालंय?"

"जड आहे."

ठमी कधी चुचकारायची, कधी रागवायची, कधी अबोला धरायची. आई खाली आलीच तर इमारतीच्या फाटकाशी शेजारणींशी बोलत उभी राहायची आणि तिथूनच परत फिरायची. ठमी मेटाकुटीला आली. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू नेट लावून सांगत नसशील." ठमीने फोन ठेवून दिला आणि भांडी जरा जोरात घासली.

गाडी रुळावर आणली ती कप्तानांनी. गल्लीच्या टोकाला एक मैदान होतं. भोवती मातीची वाट, एका बाजूला झाडांची रांग, आणि जुनं लोखंडी फाटक. तिथे रोज सकाळी म्हाताऱ्या माणसांचा एक जथा व्यायाम करायचा. कप्तान त्यांचे म्होरके. सैन्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते बस डेपोत कंट्रोलर होते आणि निवृत्त होताना शिट्टी तेवढी बरोबर घेऊन आले होते. ठमीने एकदा आईला कशीबशी मैदानापर्यंत आणली. आई बाकावर बसली आणि बसल्या बसल्या इतरांची हजेरी घ्यायला लागली.

"त्या निळ्या साडीवाल्या बाई हात वर करतच नाहीत. नुसते खांदे उडवतात. आणि ते टोपीवाले बघ, बाकी सगळे खाली वाकलेत आणि हे उभे."

कप्तानांनी ते ऐकलं. शिट्टी तोंडातून काढून ते म्हणाले, "ताई, एवढं दिसतंय तुम्हाला, तर पुढे या ना. मला एकट्याला सगळ्यांवर नजर ठेवता येत नाही."

आई उठली. कारखान्यात मशीनच्या खडखडाटावरून बोलायची सवय असलेला तिचा आवाज मैदानभर गेला. निळ्या साडीवाल्या बाईंचे हात वर झाले. कप्तानांनी हसून शिट्टी खिशात टाकली.

त्या दिवसानंतर आईला उठवावं लागलं नाही. उलट, तिच्या बुटांच्या आवाजाने ठमीला जाग यायची. पाहुणे असोत, पाऊस असो, आई निघाली म्हणजे निघाली. पावसात सगळे मैदानाशेजारच्या शेडमध्ये जमायचे आणि आईचा आवाज पत्र्याखाली दुप्पट घुमायचा. साखर खाली आली, गुडघे वळायला लागले. डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांनी तुमच्यासारखं ऐकलं तर माझं दुकान बंद होईल." दादा फोनवर म्हणाला, "ठमे, तू आईला माणसात आणलंस." आई मैदानावर असताना घर तासभर ठमीचं एकटीचं असायचं. ती खिडकीशी चहा घेऊन बसायची. खालून हातगाडीचा, सायकलच्या घंटीचा आवाज यायचा. आपल्या हातून एक तरी काम तडीस गेलं, असं वाटून तिला बरं वाटायचं.

अशी काही वर्षं सुखाची गेली.

आधी शब्द हरवायला लागले. आई किल्लीला "ते फिरवायचं" म्हणाली, चाळणीला "भोकांचं" म्हणाली. दोघी हसल्या. मग एकदा नळ चालू राहिला, एकदा दूध उतू जाऊन करपलं आणि आई शेजारच्या खोलीत असूनही तिला वास आला नाही. वय झालं की व्हायचंच, असं शेजारणी म्हणाल्या. ठमीही तेच म्हणाली.

मग एका सकाळी आई मैदानावरून आली, चहा प्याली, कप धुऊन पालथा घातला आणि पुन्हा बूट चढवायला बसली.

"आता कुठे?"

"कुठे म्हणजे? मैदानावर. उशीर होतोय."

"आई, आत्ता जाऊन आलीस तू."

आईने तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर क्षणभर कुणीतरी आपली थट्टा करतंय की काय असा भाव आला. मग ती हसली आणि बूट काढून ठेवले. ठमीही हसली, पण लॅबमध्ये पोचल्यावर तिने एका साच्यात दात उलट्या बाजूने बसवले आणि मेण पुन्हा वितळवावं लागलं.

काही आठवड्यांनी कप्तानांचा लॅबमध्ये फोन आला. दुपारची वेळ होती. "ठमीताई, मी बाल्कनीतून बघतोय. आई मैदानावर आहेत. एकट्याच. ऊन रणरणतंय आणि त्या समोर कुणी नसताना हात वर, हात खाली म्हणताहेत. मी आणायला जातो, पण तुम्ही या."

ठमी पोचली तेव्हा आई कप्तानांच्या घरी पंख्याखाली बसली होती. चेहरा लालबुंद झाला होता. "आज कुणीच आलं नाही गं," ती म्हणाली. "शिस्तच राहिली नाही लोकांना."

मेंदूच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. आईला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. आईने गोल काढला आणि सगळे आकडे एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसवले. आईला बाहेर बसवून डॉक्टरांनी ठमीला समजावलं. हा आजार बरा होणारा नव्हता, औषधांनी फार तर जरा हळू पुढे सरकणार होता. कालचं आधी जाईल, जुनं मागून जाईल, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टी बहुधा सगळ्यात शेवटी.

"म्हणजे मैदान राहील," ठमी म्हणाली.

"चालणं चांगलंच आहे त्यांना, बंद करू नका. फक्त एकटं सोडू नका."

ठमीला विचारायचं होतं की एकटं सोडायचं नाही म्हणजे नोकरी सोडायची का. पण बाहेर बरीच माणसं खोळंबली होती, ती उठली.

दिवसा आईजवळ बसायला एक बाई मिळाल्या. आई त्यांना मावशी म्हणायला लागली, मग ठमीही. मावशी मायाळू होत्या, पण त्यांनाही दोनच डोळे होते. सकाळी ठमी स्वतः आईबरोबर मैदानावर जायची. व्यायाम करून, आंघोळ उरकून, आईला खायला घालून ती निघायची, आणि तिची पाठ वळते न वळते तोच आईची सकाळ पुन्हा सुरू व्हायची. आपण जाऊन आलो हे तिला पटायचंच नाही. जाऊन आल्याची आठवण उरत नव्हती, जायचंय एवढंच उरलं होतं. मावशींनी दिवे लावले तरी तिला बाहेरचा अंधार पहाटेचा वाटायचा.

एक दिवस मावशी कपडे वाळत घालायला मागच्या बाल्कनीत गेल्या आणि आई निघून गेली.

मावशींचा फोन आला तशी ठमी लॅबमधून धावत आली. आई मैदानावर नव्हती. हल्ली दुपारी मैदानाचं फाटक बंद ठेवायला लागले होते. कप्तानांनी स्कूटर काढली, ठमी मागे बसली. बाजार पाहिला, दवाखाना पाहिला, बंद पडलेल्या शर्टाच्या कारखान्याच्या गल्लीतही जाऊन आले. मग कप्तान डेपोत शिरले आणि येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना विचारायला लागले. एक जण म्हणाला, पुलापलीकडे एक आजी झपझप चालत होत्या, पायांत पांढरे बूट होते.

पुलापलीकडे एक शाळा होती. तिच्या आवारात मुलांची कवायत चालली होती, आणि मुलांच्या रांगांसमोर आई उभी होती. हात वर, ती म्हणायची, आणि मुलांचे हात वर जायचे. कवायतीचे सर बाजूला उभे राहून बघत होते.

"त्या सरळ आत आल्या आणि पुढे येऊन उभ्या राहिल्या," सर ओशाळून ठमीला म्हणाले. "मला वाटलं, ऑफिसने कुणाला तरी पाठवलं असेल. मुलं ऐकत होती, म्हणून मग मीही..."

आईने ठमीला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत ठमीने तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. "बघितलंस का किती आलेत आज?" ती म्हणाली. मोज्याच्या टाचेवर रक्त आलं होतं. तिला त्याची जाणीवच नव्हती. ठमीने तिचा दंड धरला तशी ती हात सोडवायला लागली. मुलं बघत होती. एक जण हसला आणि सरांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. शेवटी ठमी आणि कप्तानांनी मिळून आईला रिक्षात बसवलं. वाटभर ती मागे वळून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. दाराला आतून कडी बसवायची होती, अगदी वर, चौकटीला लागून.

"एवढ्या वर? हात पोचेल का तुमचा?" त्याने विचारलं.

"माझा पोचेल," ठमी म्हणाली.

तो भोकं पाडत होता तेव्हा आई खुर्चीत बसून बघत होती. काम झाल्यावर तिने त्याला पाणी दिलं आणि छान झालं म्हणाली. आणि तो गेल्यावर बूट घालून दारापाशी आली.

ठमीने बूट लपवले. आई अनवाणी दाराशी उभी राहू लागली. ठमीने बूट परत काढून दिले, कारण फरशी गार होती. आईने खालची कडी काढायची, दार ओढायचं, पुन्हा ओढायचं. मान वर करून बघायचं तिच्या मनात यायचं नाही. "लाकूड फुगलंय," ती म्हणायची. "ठमी आली की सांगायला हवं." आणि हे ती ठमीलाच सांगायची.

जे जे सुचलं ते ठमीने करून पाहिलं. घरातल्या घरात चालवलं, स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर. आईला ते फसवणुकीसारखं वाटायचं. दाराच्या आतल्या बाजूला पडदा लावून पाहिला. आई पडदा बाजूला करून दार ओढायची. जुनं शिलाई मशीन काढून समोर ठेवलं, तर आईने त्याच्यावर हात फिरवला आणि विचारलं, "हे कुणाचं?" दादा म्हणाला, "एखादी दुसरी सवय लाव ना तिला. बसून करता येईल अशी." ही एक सवय लागायला किती महिने घासाघीस करावी लागली ते ठमीला आठवत होतं. आता आईला नवं काही लागण्यासारखं राहिलं नव्हतं. पाटी ओली होती, तिच्यावर खडू उमटत नव्हता. तिने दादाला एवढंच विचारलं, "तू येतोस का थोडे दिवस?" तो आला. एक शनिवार-रविवार राहिला. आईला दारापासून हाताला धरून परत आणता आणता दमला, आणि जाताना जिन्यात डोळे पुसत म्हणाला, "मला बघवत नाही गं." ठमीला त्याचा रागही आला नाही.

मेंदूच्या डॉक्टरांना तिने विचारलं, "ही सवय मोडायला काही औषध आहे का?"

"सवय मोडायला नाही. शांत बसवायला आहे. बघा देऊन."

गोळी दिली तशी आई खुर्चीत शांत बसली. मान एका बाजूला पडली, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली. पावलं मात्र खुर्चीखाली हलत होती, एकाआड एक. ठमीने दोनतीनदा ती गोळी दिली आणि मग फेकून दिली.

कप्तान एकदा संध्याकाळी घरी आले. मैदानावर घालायचा ट्रॅकसूट मुद्दाम घालून आले होते. आई दारापाशीच होती. त्यांना बघून ती ताठ उभी राहिली.

"ताई," ते खड्या आवाजात म्हणाले, "आजचा व्यायाम संपला. सगळ्यांनी छान केला. आता विश्राम."

आईने पाय फाकवले, हात मागे बांधले आणि मान खाली घातली. मग खुर्चीत येऊन बसली. कप्तानांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. आई शांतपणे ऐकत होती, मधेच हसतही होती. पण ते निघाले, दार उघडलं, लागलं, आणि आई उठली.

"ते गेले पुढे. चल ठमे, आपल्याला उशीर होतोय."

कप्तान जिन्यात थांबले होते. दाराची ओढाताण त्यांना ऐकू गेली असणार. खाली उतरणारी त्यांची पावलं ठमीला बऱ्याच वेळाने ऐकू आली.

लॅबच्या मालकांनी समजून घेतलं. ठमी दुपारपर्यंत काम करायची, उरलेलं काम डब्यात भरून घरी आणायची आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर मेण तापवून दात बसवायची. मावशी एकट्याने थकत होत्या, म्हणून दुपारनंतर ठमीच आईबरोबर असायची. आईने दार ओढलं की शक्य तेव्हा ठमी तिला मैदानावर घेऊन जायची. पण आईचं वजन आता भराभर उतरत होतं, ब्लाऊज खांद्यावरून घसरायचे. आता जास्त चालवू नका, डॉक्टर म्हणाले. नाही नेलं तर ती दारावर थापा मारायची, नेलं तर झिजायची. ठमी कधी न्यायची, कधी नाही. दोन्ही वेळा तिला आपण चुकतोय असंच वाटायचं.

एका दुपारी आईने फारच आकांत केला म्हणून ठमीने तिला मैदानावर नेलं. फाटकाचा रखवालदार आता ओळखीचा झाला होता, त्याने बाजूचं लहान दार उघडून दिलं. ऊन उतरलं होतं. मातीच्या वाटेवर त्या दोघीच होत्या. थोडं चालून झाल्यावर आई धापा टाकायला लागली. ठमीने तिला झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि बाटलीतलं पाणी दिलं.

आईने पाणी पिऊन तिच्याकडे बघितलं, जरा परकेपणाने, अदबीने. "नव्या आलात का तुम्ही?"

ठमीने बाटलीचं झाकण फिरवून लावलं. "हो," ती म्हणाली.

"छान. मी रोज येते. आता जरा अडचण आहे घरी. मुलगी येऊ देत नाही."

"का?"

"काय माहीत. तशी चांगली आहे हो. रागीट नाही. पण दार लावून घेते." आईने आवाज खाली आणला. "तिला वाटतं मला कळत नाही."

ठमीने विचारलं, "तुम्ही सांगत का नाही तिला?"

"दमलेली असते ती," आई म्हणाली. "काही बोललं की रडते. मग मी नाही बोलत."

वाऱ्याने वाळकी पानं बाकाखालून सरकत गेली. आईने पदर नीट केला, गुडघ्यांवर हात टेकले आणि उठायची तयारी केली. "तुम्ही मात्र रोज या हं. सुरुवातीला कंटाळा येतो. अंगवळणी पडलं की काही वाटत नाही."

"येईन," ठमी म्हणाली.

ती आधाराला पुढे झाली. आईने मोकळेपणाने तिचा हात धरला, अनोळखी माणसाचा धरावा तसा, जरा सांभाळून. दोघी वाटेला लागल्या. घराकडे वळायला हवं होतं. आईचे पाय थरथरत होते आणि ओट्यावर मेण उघडं पडलं होतं. ठमीने तिला हलकेच फाटकाच्या दिशेने वळवायचा प्रयत्न केला. आई वळली नाही. ती पुढेच चालत राहिली, आणि ठमी तिच्याबरोबर.